पाठीवरचा तांब्या

आईच्या गुडघ्यासाठी दवाखान्यात गेलो होतो. व्यायामाच्या खोलीत एक फुटबॉल खेळाडू हात-गुडघे टेकून ओणवा झाला होता. फिजिओथेरपीच्या बाईंनी त्याच्या कमरेवर पाण्याचा पेला ठेवला होता. पेला हलू न देता त्याला एक पाय मागे उचलायचा होता.

मला कोल्हापुरातली आमची तालीम आठवली. बारावीत तालमीच्या फुटबॉल संघातून खेळताना, हेडर मारताना पडलो आणि पाठ धरली. वस्तादांनी महिनाभर तेल चोळलं, मग असाच पितळी तांब्या पाठीवर ठेवला. फायनलच्या आदल्या दिवशीही पाणी सांडलंच.

"उद्या खेळू द्या की, वस्ताद."

"तांब्याला इचार. मॅच दरसाल हाय, पाठ एकच हाय."

मी रडलो. माझ्याविना संघ फायनल हरला. पालथं पडून अभ्यास मात्र झाला आणि पुढे घरातला पहिला पदवीधर झालो. तरी त्या मॅचची हळहळ अजून वाटते.

इकडे पेला लवंडला. "मॅडम, रविवारी मॅच आहे," तो खेळाडू कळवळून म्हणाला. बाईंनी नॅपकिनने त्याची पाठ पुसून पेला पुन्हा भरला.

वस्तादही तांब्या भरण्याआधी माझी पाठ पुसायचे, खांद्यावरच्या आपल्या पंच्याने.