सदर इसम

स्वतःच्या हाताने भूत जन्माला घालून वर त्याचं टपाल सांभाळणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच, तो म्हणजे माझ्या बायकोचे मोठे मामा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी उभा जन्म नोंदवह्या भरण्यात घालवला. तिथे एक रकाना रिकामा राहिला म्हणजे एक गोळा बेपत्ता. निवृत्तीनंतर ही शिस्त शनिवार पेठेतल्या फ्लॅटमध्ये आली आणि आम्हा सगळ्यांच्या मानगुटीवर बसली. रक्ततपासणीच्या फॉर्मवर ‘आपण गरोदर आहात का?’ या प्रश्नापुढे मामांनी सुवाच्य अक्षरात ‘अद्याप नाही’ असं लिहिलं होतं. चिडवलं की म्हणायचे, “रिकाम्या रकान्यात काय शिरेल सांगता येत नाही, जावईबापू.” मी हसायचो.

त्यांच्या शेजारच्या, वेगळ्या दाराच्या खोलीत फरीद भाड्याने राहायला आला. अफगाण, एमएस्सीला शिकणारा, इतका हळू बोलणारा की त्याचं ‘नको’ मामींना ऐकू यायचं नाही आणि ताटात आणखी एक पोळी पडायची. त्याचे वडील तिकडे न्यायाधीश होते. सरकार बदललं, त्यांना घरातून नेलं आणि ते परत आले नाहीत. फरीद परत गेला असता तर त्याच्यासाठीही तीच माणसं दारात उभी असती. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची म्हणून आम्ही तिघं बसलो. मामांनी कच्चा मजकूर खास सरकारी मराठीत लिहिला होता: ‘सदर इसम माझे भाडेकरू असून...’ फरीद त्या शब्दावर थांबला. “इस्म म्हणजे आमच्याकडे नाव,” तो म्हणाला, “तुमच्याकडे माणसालाच नाव म्हणतात?” मामा बेहद्द खूश झाले. पण पुढच्याच रकान्यावर गाडी अडली. फरीदला आडनाव नव्हतं. पासपोर्टवर एकच नाव.

“आडनाव नाही म्हणजे? रकाना काय रिकामा ठेवू?” मामांनी मधे त्याच्या वडिलांचं नाव घातलं आणि शेवटी आजोबांच्या गावाचं. “आमच्यात गावावरूनच आडनावं पडतात,” असं म्हणून त्यांनी त्याचं बारसं उरकलं. ते नाव मी टाइप केलं.

ते तीन पदरी नाव कुठल्याशा यादीतल्या एका दहशतवाद्याच्या नावाशी जुळलं. ऐन दुपारी साध्या कपड्यांतले दोघं आले, “दोन प्रश्न विचारून सोडतो” म्हणाले आणि फरीदला घेऊन गेले. मग कळलं, व्हिसा रद्द झाला, त्याला परत धाडणार. मामा रोज एक कचेरी गाठू लागले. “बॉम्ब म्हणजे काय ते मला नका सांगू, माझी हयात त्यांच्यात गेली,” ते प्रत्येक टेबलापुढे म्हणायचे. “तपास करा, कसून करा. पण त्याचं ऐकून घ्या, आणि बापाला नेलं तिथे पोराला धाडू नका. घटनेत जगण्याचा हक्क व्यक्तीला दिलाय हो, नागरिकाला नव्हे!” पलीकडून उत्तर यायचं, “आजोबा, सुरक्षेचा प्रश्न आहे.”

इकडे त्या नावाने टपाल येऊ लागलं. बँकेचं पत्र, विम्याची जाहिरात, वाढदिवसाच्या शुभेच्छा. मामा सगळं तारखेवार लावून ठेवायचे. एकदा खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “तुमचा भाडेकरू सुटला वाटतं! जिन्यात भेटला. नाव विचारलं तर तिन्ही नावं सांगितली, अगदी स्पष्ट.” फरीदने ती तीन नावं कधीच उच्चारली नव्हती, आणि स्पष्ट तर तो काहीच बोलायचा नाही. त्या दुपारी कुलूपबंद खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज मी ऐकला. मामांनी भिंतीला कान लावला. “मी लिहिलेला आहे तो,” ते म्हणाले.

फरीदच्या नावाने कोर्टात अर्ज केला तर पोलिसांचं उत्तर आलं, ‘या नावाचा इसम ताब्यात नाही.’ खरंच होतं, ताब्यात त्या तीन नावांचा माणूस होता. आमचे वकील म्हणाले, “फरीद उर्फ, आणि पुढे ते नाव, असा अर्ज करू.” मामा उखडले. “उर्फ दरोडेखोरांना असतं. तसं लिहिलं तर तो तोच आहे असं मीच कबूल केल्यासारखं होईल!” वकिलांचं म्हणणं त्यांना पटायला आठवडा गेला. शेवटी त्यांनी सही केली. बाजू ऐकल्याशिवाय पाठवू नका, असा कोर्टाचा आदेशही मिळाला. तो घेऊन आम्ही पोलिसांच्या कचेरीत गेलो, तर खिडकीतून एक कागद आला: ‘सदर इसमास काल स्वदेशी रवाना करण्यात आले आहे.’

मामांनी तो कागद तिथेच चार वेळा वाचला. घरी आल्यावर भिंतीला कान लावून मला खूण केली. “ऐका. आता चालणं हळू आहे. फरीदच आहे हा. त्यांनी त्या तीन नाववाल्याला नेलं.” मला काहीही ऐकू आलं नाही. मी “हो” म्हणालो. सही लांबली त्या आठवड्याबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

खोली पुन्हा भाड्याने दिलेली नाही. परवा मामांना तपासणीला घेऊन गेलो होतो. फॉर्म त्यांनी नेहमीसारखा काटेकोर भरला, फक्त आडनावाचा रकाना कोरा ठेवला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजोबा, इथे राहिलंय.”

“राहू दे बाळ,” मामा म्हणाले, “परत आला तर त्याला जागा नको?”