कुंडावर कळलेली सोयरीक

आमच्या मालकांनी लग्न झाल्यापासून मला कंधारचा किल्लासुद्धा दाखवला नव्हता. त्या माणसानं एकदम हिमालयाची तिकिटं काढली म्हणल्यावर मी हरखूनच गेले. माझ्या दोन्ही हातांवर आणि मानेवर कोड आहे. मुखेडच्या माझ्या भावानं फोन करून सांगितलं होतं, ताई, तिकडं डोंगरात गरम पाण्याची कुंडं आहेत, आठवडाभर अंघोळ कर, कातडी सुधरते. भावाला एवढी काळजी, म्हणून मी चार बायकांना कौतुकानं सांगत सुटले. येडी कुठली!

बसचा रस्ता संपला, मग जीपचा संपला, मग देवदाराच्या झाडांतून नुसती चढण. गुडघे बोलायला लागले. वर पोचलो तर चहूकडं बर्फाचे डोंगर आणि मधल्या दरीत खडकातून वाफाळतं पाणी. बायकांचं कुंड वेगळं, फळ्यांच्या आडोशाला. सवयीनं मी हात पदराखाली घेतले, तर तिथली एक म्हातारी हसली आणि माझी पाठ चोळायला लागली. तिची भाषा कळेना, पण लई बरं वाटलं.

अंघोळ करून टपरीवर चहाला आले. मालक अजून पुरुषांच्या कुंडात होते, त्यांचा फोन माझ्याकडं. तिथं रेंज आली आणि फोन वाजतच सुटला. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो आले होते. माझी भाची, ह्याच भावाची पोर, पाटावर बसलेली, कपाळाला कुंकू, ओटीत नारळ. सुपारी फुटली होती! आमच्यात ही ओटी भरायचा मान आत्याचा. तिथं वहिनीची बहीण बसली होती. आणि ही पोर कोण, तर जिचं नाव मी पाळण्यात ठेवलं, जी कॉलेजसाठी अहमदपूरला माझ्याच घरी राहिली, माझ्या ह्याच हातचं खाऊन शिकली.

मालक वर आले. मी फोन पुढं केला. ते खाली बघून म्हणले, "सोयऱ्यांना तुझे हात दिसले असते तर सोयरीक मोडली असती. पोरीचं भलं बघ जरा."

म्हणजे ह्यांनाही ठाऊक होतं. तारीख बघूनच तिकिटं काढलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. परक्यानं तोंड फिरवलं तर सोसते मी, सवय आहे. पण हे सगळे माझे होते. उरलेले दिवस मी कुंडाकडं फिरकले नाही आणि गाडीत ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

घरी आले तर भाचीचाच फोन. मला वाटलं रडेल, मला काही माहीत नव्हतं म्हणेल. ती लाडानं म्हणली, "आत्या, पाण्यानं काही फरक पडला का गं? नसंल तर लग्नाच्या टायमाला परत जाऊन ये की. तिकिटाचं बाबा बघतेत."

मी म्हणले, "न्हाई पडला. हळदीला येते मी. पहिलं बोट माझं राहील."

पलीकडून वहिनीचा आवाज आला, ठेव फोन. आणि पोरीनं ठेवला.