कुंदा चर्चवर अडकली तेव्हा

आता हा गाढवपणा तुम्हाला सांगावा की नको, याचा मी बराच विचार केला. पण बायको सांगणारच आहे. मग निदान माझ्या तोंडून ऐका!

सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच नोकरी लागली होती तेव्हाची गोष्ट. सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसात कामापेक्षा किल्ल्यांच्याच गप्पा जास्त. एक जण हरिश्चंद्रगड करून आलेला, दुसरा कुठल्याशा सुळक्यावर लटकून आलेला. आणि मी? नारायण पेठेतला माणूस. आयुष्यातली सगळ्यात मोठी चढाई म्हणजे पर्वती. तीही मध्ये दोनदा बसून!

म्हटलं, आपणही ट्रेक करायचा. पण सोपा. कुणीतरी सुचवलं, अलिबागच्या पुढे समुद्रकाठी एक गाव आहे. गावातून सरळ चालत गेलं की पोर्तुगीजांच्या वेळचं पडकं चर्च लागतं. झालं! मी जाड तळव्याचे बूट घेतले, पाठीवरची सॅक घेतली आणि एक नवाकोरा दोर घेतला.

"हा दोर कशाला?" बायकोनं, म्हणजे माधवीनं, विचारलं.

"ट्रेकला लागतो."

"कपडे वाळत घालायला?"

शनिवारी आम्ही दोघांनी स्वारगेटहून एसटी पकडली.

गावात उतरून चालायला लागलो आणि काय सांगू, रस्ता इतका सुरेख! दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, अंगणात वाळत घातलेली मासळी, मधूनच दिसणारा समुद्र. कुठे घाई नाही, गडबड नाही. चढ म्हणाल तर वाटेत एक स्पीड ब्रेकर लागला, तेवढाच. माधवी चपला घालून मजेत चालली होती. मी मात्र खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन, घामाघूम.

चर्च जवळ आलं तशी समोरून एक आजी लगबगीनं आल्या. माझ्या खांद्याकडे पाहून म्हणाल्या, "आलात का बाबा! दोर घेऊन माणूस पाठवतो म्हणाले होते. तुम्हीच ना ते?"

इथे "नाही हो, आम्ही पुण्याचे" एवढं म्हटलं असतं तर हा किस्सा झालाच नसता. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दोराला कुणीतरी मान देत होतं!

"मीच समजा. काय झालं?"

"अहो, आमची कुंदा वर अडकलीय! सकाळपासून भिंतीवर उभी आहे. पाय लटलट कापतायत तिचे. घरी दोन लेकरं आई आई करून रडतायत!"

माझ्या डोळ्यांसमोर ती बिचारी बाई उभी राहिली.

"पण ती चढली कशाला तिथे?" माधवीनं विचारलं.

"खोडच आहे मेलीला!"

"प्रश्न नंतर विचार!" मी माधवीवर खेकसलो. "आजी, तुम्ही काळजी करू नका. मी तिला खाली आणतो." आणि धावत सुटलो. सोमवारी ऑफिसात काय काय सांगायचं, तेही धावता धावता ठरवलं.

चर्चचं छप्पर कधीच गेलेलं. चार भिंती, रिकाम्या कमानी, आत गवत. आणि सगळ्यात उंच भिंतीवर कुंदा.

पांढरी. लांब कानांची. दाढी असलेली.

"शेळी आहे," माधवी शांतपणे म्हणाली.

आता माघार कशी घेणार? आजी हात जोडून उभ्या होत्या. एका बाजूनं भिंत ढासळून पायऱ्यांसारखी झाली होती. तिथून चढलो. चढणं जमलं हो! पण माझ्या पायाखालचे दगड एकेक करून मागे घरंगळत गेले. वर पोचून पाहतो तो आलेली वाट गायब!

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. मी "ये, ये" म्हणत दोर पुढे केला. ती एवढी दचकली, एवढी दचकली, की सकाळपासून जिथे उडी मारायला घाबरत होती तिथे तिनं बेधडक उडी मारली. एक खालच्या कमानीवर, दुसरी थेट गवतात. आणि आजींच्या पायाशी जाऊन चरायला लागली.

"आली गं माझी बाय!" आजींनी तिला मिठीच मारली.

"आता तू ये," माधवी म्हणाली.

मी खाली पाहिलं. डोळे मिटले. भिंतीवर आडवा झालो आणि दोन्ही हातांनी तिला कवटाळलं. दोर होता, पण बांधणार कुठे? आणि कसा? गाठ मला फक्त बुटाच्या नाडीची येते!

तेवढ्यात एक माणूस खांद्यावर शिडी आणि दोर घेऊन आला. आजींनी निरोप धाडला होता तो हा. नारळ काढणारा.

"शेळी कुठाय?"

"ती उतरली," आजी म्हणाल्या. "आता यांना उतरवा."

त्यानं शिडी लावली, दोन पायऱ्या चढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि थांबला. मग मागे वळून माधवीला विचारलं,

"लाथाबिथा मारत नाही ना?"

"नाही हो," माधवी म्हणाली. "नुसता ओरडतो फार."