दारातला खुळखुळाट

"उलथण्याचं टोक वाकडं कसं गं?" धिरडं उलटताना मुलीनं आज विचारलं, आणि माझ्या नाकात उन्हानं तापलेल्या गाडीतल्या रेग्झिनचा वास भरला.

माहेरच्या आमच्या जुन्या गाडीचं डावं दार खड्ड्याखड्ड्यात खुळखुळायचं. मेकॅनिकनं तर हातच टेकले होते. मला नोकरी लागली त्याच आठवड्यातल्या रविवारी मी अंगणात बसून स्क्रू काढले, काचेचं हँडल काढलं आणि दाराच्या आतल्या पॅनेलच्या फटीत आईचं उलथणं घातलं.

"मोडून ठेवशील!" बाबा ओटीवरून ओरडले.

टक्, टक् करत क्लिपा सुटत गेल्या, एकही न तुटता. उलथणं तेवढं वाकलं. पॅनेल अख्खं हातात आलं, आतून ग्रीसचा आणि धुळीचा वास आला. तळाशी हात घातला, तर मूठभर नाणी!

मी मूठ उंचावून नाचले. आई जवळ येऊन नाणी निरखू लागली. पंचवटीला जाताना पुलावर ती दर वेळी काच जराशी खाली करून गोदामाईला नाणं टाकायची. ती नाणी नदीत नाही, काचेच्या फटीतून दारात पडत होती!

"तुझ्या नोकरीसाठीच टाकत होते गं," ती हळूच म्हणाली.

ज्या आवाजावर मी इतकी वैतागायचे, तो आईचा नवस होता, हे मला आज जास्त कळतं. तेव्हा मी एवढंच म्हणाले, "पण आई, लागली की नोकरी!"

आईचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे काही न घेताच काम केलं की गोदामाईनं!" तिनं नाणी पदरात बांधली. "चल, काढ गाडी. आज पुलावर उतरूनच टाकते."