इंजिनाचा ताप

माझ्या सासऱ्यांच्या इंजिनाला एकदा एकशेदहा डिग्री ताप आला आणि तो मोजणारा तज्ज्ञ मी होतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी सरहद्दीपलीकडं, सोलापूरला एका गिरणीत नोकरीला होतो. फाटकाशी बसून कामगारांची हजेरी मांडायची, एवढंच माझं काम. पण अणदूरला सासुरवाडीत 'जावई गिरणीत असतात' याचा अर्थ 'गिरणी जावईच चालवतात' असा झाला होता. (मी तो दुरुस्त केला नाही. लग्न नवं होतं!)

अशात मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मोटेचे बैल विकून विहिरीवर एक जुनं ऑइल इंजिन बसवलं. उसाचा सगळा फड आता त्या इंजिनाच्या जिवावर! विकणाऱ्यानं एकच बजावलं होतं, "तापू देऊ नका. तापलं की संपलं." त्यासाठी शेजारी पाण्यानं भरलेलं मोठं पिंप होतं. गार पाणी खालच्या नळीनं इंजिनात जायचं आणि गरम होऊन वरच्या नळीनं पिंपात परत यायचं.

मामांनी मला बोलावून घेतलं. "जावईबापू, किती तापलंय ते वळखायचं कसं?"

"मोजायचं," मी म्हणालो. "गिरणीत आम्ही सगळं मोजूनच करतो." (मी माणसं मोजत होतो.)

"कशानं मोजत्यात?"

"थर्मामीटरनं!"

अख्ख्या गावात थर्मामीटर एकच. तो म्हाताऱ्या हकीमसाहेबांकडं, मखमली डबीत. ते स्वतः घेऊन आले. "जावईसाब, संभालके हां! इसकू गिराना नक्को!"

सकाळी इंजिन धडधडायला लागलं. पाटात पाणी पडलं तसे मामांचे डोळे भरून आले आणि ते उसाकडं धावले. थंडीचे दिवस. तासाभरानं मी पिंपात हात घातला, तर काय ते पाणी! ऊन ऊन, जणू माझ्यासाठीच काढून ठेवलेलं.

"मामी, मी इथंच अंघोळ उरकतो," मी सासूबाईंना सांगितलं.

एक बादली झाली, दोन झाल्या, सहा झाल्या. (सातवी नुसती पाय धुवायला.)

"आवं, पिंपातलं पानी लई कमी झालंय," मामी पदर सावरत लांबूनच म्हणाल्या.

"मामी, इंजिनाचं शास्त्र वेगळं असतं," मी साबण लावत म्हणालो.

शास्त्र खरंच वेगळं होतं. पाणी वरच्या नळीच्या खाली गेलं आणि त्याचा फेरा तुटला! इंजिन कण्हायला लागलं. नळीतून वाफ फुसफुसली. मामा फडातून ओरडत आले, "मोजा! जावईबापू, मोजा!"

मी तोंडावरच्या साबणासकट धावलो आणि थर्मामीटर पिंपात बुडवला. पारा सरसर वर चढला आणि टोकाला जाऊन थांबला.

"किती?"

"एकशेदहा!"

हकीमसाहेबांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! मरीज तो गया!"

तेवढ्यात टक्! मरीज शिल्लक होता, थर्मामीटर गेला. पारा पिंपाच्या तळाशी.

मी गार पाण्याची घागर उचलली आणि इंजिनावर ओतणार, तोच मामींनी माझं मनगट धरलं! लग्नापासून माझ्यासमोर मान वर न केलेल्या बाई त्या!

"ठिवा ती घागर! तापल्या खापरावर गार पानी वतलं तर काय हुतं? तडकतं! आधी त्याचं तेल बंद करा!"

"ते कुठून बंद करतात?" मी विचारलं.

मामा माझ्याकडं बघत राहिले. माझी बायको जमिनीकडं. मामीच पुढं झाल्या. विकणाऱ्यानं दाखवलं तेव्हा नीट बघून ठेवणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यांनी खटका फिरवला. इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं.

मामींनी कुणाला इंजिनाला हात लावू दिला नाही. दुपारपर्यंत ते आपोआप निवलं. मग पिंप धुऊन काठोकाठ भरलं, मामांनी हँडल मारलं आणि पुन्हा पाटात पाणी! उसाचा जीव वाचला.

"मामा," मी कबूल केलं, "गिरणीत मी नुसती हजेरी मांडतो."

मामा आधी गंभीर झाले, मग हसत हसत बांधावरच बसले. मामी एवढंच म्हणाल्या, "असू द्या. अंगुळ तर झाली न्हवं? चला, जेवाय चला."

हकीमसाहेबांना मी सोलापूरहून नवा थर्मामीटर आणून दिला. (मी गावात असलो की ते तो कुलपात ठेवत.) इंजिनाशेजारी मात्र त्या दिवसापासून मामी बसू लागल्या. पाण्यात बोटं बुडवायच्या आणि सांगायच्या, "न्हाणाचं हाय, चालू द्या." किंवा, "बाळंतिणीचं कढत झालं, आता बंद करा!" ते इंजिन पुढं कधी तापलं नाही.

आसपासच्या गावचे शेतकरी मग इंजिन बघायला येऊ लागले. मी तिथं असलो की मामा मला मुद्दाम पुढं बसवायचे आणि अभिमानानं ओळख करून द्यायचे, "हे आमचे जावई. सोलापूरला मोठ्या गिरणीत असत्यात. यांच्या सासूला इंजिनातलं लई कळतंय!"