आईने ओळखलेली खाडी

नर्मदेच्या खोऱ्यात, समुद्रापासून कितीतरी आत, एका कोरड्या ओढ्याच्या काठावर आम्ही शार्कचे, म्हणजे कोकणातल्या मुशीचे, दगड झालेले दात शोधत होतो. मी भूशास्त्र शिकवते. या वेळी आई सोबत होती. तिचा जन्म हर्णैच्या बंदरावर मासे विकण्यात गेला.

विद्यार्थ्यांनी वेचलेले दात तिने तळहातावर घेतले, अंगठ्याने धार पाहिली.

"मुशीचेच हे. पण पिल्लांचे गो," ती म्हणाली. "पिल्लं खोल पाण्यात नाय जात. खाडीच्या तोंडाशी, उथळात असतात. इथं खाडी असणार."

हेच सिद्ध करायला मी दोन हिवाळे इथले थर तपासत होते. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईने ते मूठभर दातांवरून सांगितलं. मुलं वह्या उघडून तिच्याभोवती बसली, आणि ही माझी आई आहे, हे मी उगाचच पुन्हा एकदा सगळ्यांना सांगितलं. कोट्यवधी वर्षांत समुद्र हटला, पण मुशीची पिल्लं कुठे वाढतात ते बदललं नाही. आणि ते ठाऊक असलेलं माणूस आमच्या घरातलं!

परतताना ओढा ओलांडण्याआधी आईने सवयीने लुगडं वर खोचलं. ओढ्यात बोटभरही पाणी नव्हतं.

मीही वाकून सलवार दुमडली.