प्रतिष्ठित शेजाऱ्यांची शोकसभा

बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे स्तंभलेखक गेल्या महिन्यात वारले. दर रविवारी पेपरात त्यांचा लेख यायचा आणि दर रविवारी संस्कृती बुडायची. कधी जीन्समुळे, तर कधी मुलींच्या होस्टेलमुळे. जिन्यात भेटले की विचारायचे, “लेख वाचलात? नसेल तर वाचा. वाचला असेल तर पुन्हा वाचा, एकदा वाचून तुम्हाला कळणार नाही.”

माझ्या भाचीला होस्टेलच्या फॉर्मवर शहरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी होती. आमच्या ओळखीत प्रतिष्ठित असे तेवढेच. तिला घेऊन मी भीतभीत गेलो. त्यांनी फॉर्म वाचला, सही केली आणि तिला म्हणाले, “भरपूर शीक. अडचण आली तर मला फोन कर.”

मला राहवेना. म्हटलं, “अहो, हेच एकदा लेखात लिहा ना!”

“लिहीन की. पण मग वाचणार कोण?” म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं.

शोकसभेत चार वक्त्यांनी त्यांचा दीपस्तंभ केला. मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. “माझ्या वडिलांनी यांचा होस्टेलवरचा लेख वाचला आणि बारावीनंतर मला घरी बसवलं. एवढंच सांगायचं होतं.”

सूत्रसंचालकांनी घाईघाईने दोन मिनिटं शांतता जाहीर केली. सगळे माना खाली घालून उभे राहिले. माझ्या शेजारी उभी असलेली माझी भाची तेवढ्या शांततेत चपला वाजवत मागे गेली आणि त्या बाईंचा हात धरून उभी राहिली.